वाचकांचे प्रश्न : थोर स्ट्रायकर कोणाला म्हणावे?

फुटबॉलमधील थोर स्ट्रायकरांची, म्हणजे गोल करणे हेच मुख्य काम असलेल्या आघाडीच्या खेळाडूंची, तुलना हा या वेळच्या सदराचा विषय आहे. आलेल्या पत्रांत सारख्या आशयाचे प्रश्न बरेच होते. ते एकत्र करून आणि भाषा थोडी आवरून येथे दिले आहेत. ‘सर्वांत थोर कोण’ एवढेच विचारणाऱ्या पत्रांना स्वतंत्र उत्तर दिलेले नाही, कारण आमचे मत पुढील उत्तरांत जागोजागी आलेले आहे.

प्रश्न : गेर्ड म्युलरने पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल केले आणि ब्राझीलच्या रोनाल्डोने ९८ सामन्यांत ६२. आकडे इतके बोलके असताना थोर स्ट्रायकरांच्या चर्चेत रोनाल्डोचे नाव आधी आणि म्युलरचे नंतर का येते? जुन्या खेळाडूवर हा अन्याय नाही का?

उत्तर : अन्याय काही अंशी होतो. मात्र त्याचे कारण म्युलर जुना आहे हे नसून त्याचे गोल डोळ्यांत भरत नाहीत, हे आहे. त्याच्या गोलांचे चित्रण सलग पाहायला बसलात, तर थोड्या वेळाने नेमके काय पाहिले हे सांगणे कठीण होते. चेंडू पेनल्टी क्षेत्रात, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीत, येतो, पायांची गर्दी उडते, आखूड बांध्याचा आणि भरदार मांड्यांचा एक माणूस गर्रकन वळतो आणि चेंडू जाळीत गेलेला असतो. बुंडेसलिगा या पश्चिम जर्मनीच्या मुख्य लीगमध्ये ४२७ सामन्यांत ३६५ गोल असेच झाले.

त्यातला एक गोल मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे. १९७४ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, म्युनिक, पश्चिम जर्मनी आणि नेदरलँड्स १-१ बरोबरीत, ४३ वे मिनिट. बोनहॉफने उजव्या बाजूने मुसंडी मारून चेंडू आत दिला, पण तो म्युलरच्या धावेच्या थोडा मागे पडला, आणि पहिल्या स्पर्शात त्याच्या पायाला लागून गोलपासून उलट्या दिशेला सरकला. बहुतेक स्ट्रायकरांची संधी इथेच संपली असती. म्युलर चेंडूबरोबरच मागे आला, कंबरेतून वळला आणि उजव्या पायाने जमिनीलगत फटका मारला. फटक्यात जोर बेताचाच होता. तरी गोलरक्षक योंगब्लूड जागचा हलू शकला नाही, कारण सगळी बचावफळी गोलच्या दिशेने धावत असताना हा एकटा माणूस उलटा चालला होता आणि तशा अवस्थेतून फटका येईल असे कोणाला वाटलेच नव्हते. तो गोल विजयाचा ठरला. त्या सामन्यानंतर, वयाच्या २८ व्या वर्षी, म्युलरने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली. म्हणजे त्याचे ६८ गोल उतरत्या काळातले सामने जमेस न धरता झालेले आहेत.

रोनाल्डोची गोष्ट निराळी आहे. म्युलरचा गोल पेनल्टी क्षेत्रात सुरू होऊन तिथेच संपत असे. १९९६ ते १९९८ मधल्या रोनाल्डोचा गोल मध्यरेषेपाशीही सुरू होऊ शकत असे. ऑक्टोबर १९९६ मध्ये बार्सिलोनाकडून काँपोस्तेलाविरुद्ध त्याने केलेला गोल पाहिला, तर त्याच्या मोठेपणाचे मर्म लगेच ध्यानात येते. एक बचावपटू त्याची जर्सी धरून ओढतो आहे, दुसरा आडवा येतो आहे, आणि हा पूर्ण वेगात चेंडू पायाशी ठेवून त्यांच्यामधून निघून जातो. बाकावर बसलेले प्रशिक्षक बॉबी रॉबसन डोके धरून उभे राहतात. त्या एका मोसमात त्याने बार्सिलोनासाठी ४९ सामन्यांत ४७ गोल केले, तेव्हा तो जेमतेम विशीत होता. वेग, ताकद आणि पायांतली सफाई या तीन गोष्टी एका माणसात क्वचित एकत्र येतात. त्याच्यात त्या एकाच क्षणी काम करीत. त्यामुळे त्याच्याशी सामना असला की प्रतिस्पर्ध्यांना बचावफळी मागे घ्यावी लागे आणि ती मागे गेली की मधल्या फळीसमोर मोकळी जागा पडे, जिचा फायदा त्याच्या सहकाऱ्यांना मिळे. हा परिणाम गोलांच्या यादीत दिसत नाही.

पुढे गुडघ्याने दगा दिला. नोव्हेंबर १९९९ मध्ये दुखापत, एप्रिल २००० मध्ये इटालियन चषकाच्या अंतिम सामन्यात पुनरागमन आणि मैदानात उतरल्यावर काही मिनिटांतच तोच गुडघा पुन्हा निकामी. २००२ च्या विश्वचषकात परतलेला रोनाल्डो वेगळा खेळाडू होता, आणि आमच्या मते या तुलनेतला सर्वांत रंजक मुद्दा इथे आहे. त्या स्पर्धेत त्याने ८ गोल केले. योकोहामातील अंतिम सामन्यापर्यंत जर्मनीच्या ऑलिव्हर कानने अख्ख्या स्पर्धेत एकच गोल स्वीकारला होता. ६७ व्या मिनिटाला रोनाल्डोने गमावलेला चेंडू हामानकडून स्वतःच परत हिसकावला, रिव्हाल्डोला दिला आणि रिव्हाल्डोने फटका मारताच थांबून पाहत न बसता तो गोलकडे धावत सुटला. कानच्या हातून चेंडू निसटला तेव्हा तो घ्यायला रोनाल्डो तिथे हजर होता. मध्यरेषेपासून धावत जाऊन गोल करणाऱ्या माणसाचा आयुष्यातला सर्वांत मोठा गोल सहा-सात पावलांवरून, सुटलेल्या चेंडूवर झाला. तो पाहून म्युलर नक्कीच खूश झाला असता.

आता आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर. पेनल्टी क्षेत्रात एकच संधी मिळणार असेल आणि ती कोणाच्या पायाशी यावी असे विचारले, तर आम्ही म्युलरचे नाव घेऊ. कारकिर्दीच्या भरातला एक मोसम निवडायचा झाला, तर १९९६-९७ चा रोनाल्डो. चर्चेत दुसऱ्या प्रकारचा प्रश्नच अधिक विचारला जातो, म्हणून रोनाल्डो पुढे राहतो.

प्रश्न : विश्वचषकात रोनाल्डोचे १५ गोल आणि मिरोस्लाव्ह क्लोजेचे १६. मग विश्वचषकापुरता तरी क्लोजे मोठा मानायला हवा ना?

उत्तर : क्लोजेला कमी लेखण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांला मान्य नाही. २००२ मधील त्याचे पाचही गोल हेडरचे, म्हणजे डोक्याने मारलेले, होते, १६ गोलांत पेनल्टीचा एकही नाही आणि त्याने गोल केलेला एकही सामना जर्मनी हरली नाही. २०१४ मध्ये ब्राझीलविरुद्धच्या ७-१ च्या उपांत्य सामन्यात त्याने हा १६ वा गोल केला तेव्हा विक्रम गमावणारा रोनाल्डो त्याच मैदानात समालोचनासाठी बसलेला होता.

तरीही नुसती बेरीज फसवी ठरते. क्लोजेला १६ गोलांसाठी २४ सामने लागले, रोनाल्डोला १५ साठी १९, म्युलरला १४ साठी १३, आणि फ्रान्सच्या ज्यूस्त फाँतेनने १९५८ च्या एकाच स्पर्धेत अवघ्या ६ सामन्यांत १३ गोल केले. शिवाय गोल कोणत्या टप्प्यावर झाले हेही पाहावे लागते. क्लोजेचे २००२ चे पाचही गोल गटसाखळीतले होते. त्यांतले तीन सौदी अरेबियाविरुद्धच्या ८-० च्या सामन्यात झाले. रोनाल्डोने १९९८ च्या उपांत्य सामन्यात एक, २००२ च्या उपांत्य सामन्यात एक आणि अंतिम सामन्यात दोन गोल केले. चार स्पर्धांत सातत्य राखणे ही क्लोजेची कमाई आहे आणि ती मोठीच आहे. पण सामन्याचे पारडे एकट्याने फिरवणे हे वेगळे काम आहे.

प्रश्न : १९२७-२८ मध्ये एव्हर्टनच्या डिक्सी डीनने इंग्लिश लीगच्या एका मोसमात ६० गोल केले. आज ३६ गोल केले तरी विक्रम होतो. त्या काळी बचाव कच्चा होता, असे समजायचे का?

उत्तर : बचाव कच्चा नव्हता, गोंधळलेला होता, आणि त्याला नियमातला बदल कारणीभूत होता. १९२५ पर्यंत ऑफसाइड (सहकारी चेंडू देत असताना आक्रमक फार पुढे उभा असल्याचा दोष) टाळायला आक्रमकाच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी ती संख्या दोनवर आली. तीनांच्या नियमात बचावपटू पुढे सरकून प्रतिस्पर्ध्यांना सहज ऑफसाइडमध्ये अडकवत, आणि एखादा डाव फसला तरी मागे आणखी एक जण उरलेला असे. नवा नियम येताच ही सोय गेली. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत एका मोसमातील गोल ११९२ वरून १७०३ वर गेले. डीनचा विक्रम त्या संक्रमणकाळातला आहे. पुढे आर्सेनलमध्ये प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर हाफला (मधल्या फळीच्या मधोमध खेळणाऱ्याला) मागे ओढून दोन फुलबॅकच्या (मागच्या बचावपटूंच्या) मध्ये उभे केले, इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि सेंटर फॉरवर्डच्या, म्हणजे आघाडीच्या मधोमध खेळणाऱ्या स्ट्रायकरच्या, अंगावर सतत एक माणूस असणे हा नेहमीचा शिरस्ता झाला.

पण यावरून डीनचे गोल स्वस्त होते असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. नियम सर्वांसाठीच बदलला होता आणि ६० गोल एकट्यानेच केले. शिवाय त्या काळच्या स्ट्रायकरला जे सोसावे लागे, त्याची कल्पना आजच्या प्रेक्षकाला येत नाही. पावसात भिजून जड झालेला, लेस बांधलेला चामड्याचा चेंडू डोक्याने मारणे हीच एक शिक्षा होती. मागून पायावर घातलेल्या धडकेला पंच पुष्कळदा फाऊलही देत नसत. जखमी झाल्यास बदली खेळाडू नसे. विश्वचषकात बदली खेळाडूंची मुभा १९७० मध्ये मिळाली. १९५८ च्या उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध फ्रान्स १-१ असा बरोबरीत असताना त्यांचा बचावपटू रोबेर जाँके याचा पाय मोडला आणि उरलेला सामना फ्रान्स जवळजवळ दहा जणांनिशी खेळला. ब्राझीलने तो ५-२ असा जिंकला व १७ वर्षांच्या पेलेने तीन गोल केले. पेलेचे कौतुक करताना ही बाब सहसा कोणी सांगत नाही.

उलट आजच्या स्ट्रायकरला नियमांनी काही गोष्टी आंदणही दिल्या आहेत. १९९० पासून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत असलेला आक्रमक ऑफसाइड धरला जात नाही. १९९२ पासून सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही, त्यामुळे बचावपटूंवर धावून जाणाऱ्या स्ट्रायकरला त्यांच्या हातून चूक होण्याची वाट पाहता येते. दुसरीकडे बचावाची शिस्त, शारीरिक तयारी आणि प्रतिस्पर्ध्यांच्या चित्रणाचा अभ्यास इतका वाढला आहे की २०२२-२३ मध्ये आर्लिंग हालांडने प्रीमियर लीगमध्ये ३८ सामन्यांच्या मोसमात केलेले ३६ गोल आम्हांला डीनच्या ६० गोलांच्या तोडीचे वाटतात. निरनिराळ्या काळांतले आकडे थेट शेजारी ठेवण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या समकालीनांशी ताडून पाहणे अधिक न्याय्य आहे. या कसोटीवर फेरेन्क पुश्कास फार उंच उभा राहतो. हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल केलेल्या या खेळाडूने तिशी उलटल्यावर, रेयाल माद्रिदकडून, १९६० च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात आइन्त्राख्त फ्रांकफुर्टविरुद्ध एकट्याने चार गोल केले.

प्रश्न : मेस्सी, पेले आणि पोर्तुगालचा क्रिस्तियानो रोनाल्डो यांना स्ट्रायकर म्हणावे की नाही? या यादीत त्यांना घेतले तर इतर कोणाला जागाच उरत नाही.

उत्तर : आम्ही क्रिस्तियानो रोनाल्डोला घेऊ, पेलेला काठावर ठेवू आणि मेस्सीला वगळू, अर्थात मेस्सीला वगळण्यात त्याचा कमीपणा काही नाही.

क्रिस्तियानो रोनाल्डोने कारकीर्द विंगर (मैदानाच्या कडेने खेळणारा आक्रमक) म्हणून सुरू केली आणि वय वाढत गेले तसतसा तो गोलच्या जवळ सरकला. बाजूने बचावपटूला चकवणारा मुलगा पुढे पेनल्टी क्षेत्रात हवेत झेपावणारा, एका स्पर्शात काम उरकणारा स्ट्रायकर झाला. राष्ट्रीय संघासाठी १३० हून अधिक गोल करणाऱ्या या खेळाडूचे खरे कौशल्य आम्हांला या स्थित्यंतरात दिसते. शरीर बदलते आहे हे ओळखून खेळ बदलणे फार थोड्यांना जमले आहे. पेले दुसऱ्या आघाडीपटूच्या जागेवरून खेळत असे. तो गोल करी तसाच घडवीही.

मेस्सीचा मामला अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्याची मुळे बरीच मागे जातात. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले. त्या दिवशी हंगेरीच्या नांदोर हिदेकुटीने पाठीवर सेंटर फॉरवर्डचा ९ क्रमांक लावला होता, पण तो त्या जागी उभाच राहिला नाही. खाली मध्यभागात येऊन खेळला. इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टन पेचात पडला, कारण हिदेकुटीच्या मागे जावे तर पाठीमागे भगदाड पडणार आणि जागेवर थांबावे तर तो मोकळा सुटणार. हिदेकुटीने तीन गोल केले. पुढे २ मे २००९ रोजी माद्रिदमध्ये बार्सिलोनाचे प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांनी हाच पेच नव्याने मांडला. एतोला उजवीकडे पाठवून त्यांनी मेस्सीला मध्यभागी आणले, आणि रेयालचे कानाव्हारो व मेट्झेल्डर हे दोघे बचावपटू समोर कोणी नाही अशा स्थितीत उभे राहिले. बार्सिलोना ६-२ अशी जिंकली. मराठी समालोचनातही आता रूढ झालेला ‘फॉल्स नाइन’ तो हाच. हिदेकुटी किंवा मेस्सीचा डाव स्ट्रायकर तिथे नसण्यावर उभा आहे, म्हणून त्यांची तुलना म्युलरशी करणे आम्हांला पटत नाही. २०१२ या एका वर्षात मेस्सीने ९१ गोल केले आणि म्युलरचा १९७२ मधील ८५ गोलांचा विक्रम मोडला, हे ठाऊक असूनही आम्ही हे म्हणत आहोत.

प्रश्न : नेदरलँड्सच्या मार्को व्हॅन बास्टेनची कारकीर्द २८ व्या वर्षीच संपल्यासारखी झाली. इतक्या थोड्या काळात खेळलेल्या माणसाला दीर्घकाळ खेळलेल्यांच्या पंक्तीत बसवणे योग्य आहे का?

उत्तर : आमच्या मते योग्य आहे, कारण त्याच्याकडे स्ट्रायकरला लागणारे जवळपास सर्व काही होते: दोन्ही पाय, हेडर, पाठीवर बचावपटू घेऊन चेंडू थोपवणे, योग्य पास देणे. उंच खेळाडूंच्या हालचालींत बहुधा जो अवघडलेपणा असतो, तो त्याच्यात नव्हता. तीन वेळा, १९८८, १९८९ आणि १९९२ मध्ये, त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा बालाँ द’ऑर पुरस्कार मिळाला.

१९८८ च्या युरोपीय स्पर्धेतील अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाविरुद्ध त्याने मारलेली व्हॉली (चेंडू जमिनीला लागण्याआधीच मारलेला फटका) सर्वांनी पाहिलेली असते. पण त्या गोलाची अडचण नेमकी कशात होती, याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. सहकारी म्युरेनने डावीकडून दिलेला चेंडू फार उंच आणि फार लांब आला होता. व्हॅन बास्टेन उजव्या बाजूला, गोलरेषेच्या इतक्या जवळ होता की त्याला गोलखांबांमधली जागा चिंचोळी दिसत असणार. चेंडू थोपवून वळणे, हा शहाणपणाचा मार्ग होता. त्याने चेंडू खाली येऊ दिला, शरीर थोडे मागे झुकवले आणि पळत्या पावलांतच तो असा मारला की गोलरक्षक दासाएव्हच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या बाजूला उतरला. त्या स्पर्धेतल्या सोव्हिएत संघाविरुद्धच्याच पहिल्या सामन्यात तो सुरुवातीच्या अकरांतही नव्हता. दुसऱ्या सामन्यात त्याने इंग्लंडविरुद्ध तीन गोल केले, उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध ८८ व्या मिनिटाला विजयी गोल केला.

घोट्याने त्याला संपवले. मे १९९३ मधला मार्सेयविरुद्धचा युरोपीय अंतिम सामना हा त्याचा शेवटचा सामना. १९९५ मध्ये त्याने रीतसर निवृत्ती जाहीर केली. फाँतेनही पाय मोडल्यामुळे २८ व्या वर्षीच थांबला. मागून येणाऱ्या धडकांविरुद्ध नियम कडक झाले ते व्हॅन बास्टेनची कारकीर्द संपल्यावर, हे लक्षात घेतले की दीर्घकाळ टिकलेल्यांना टिकाऊपणाचे गुण देताना हात थोडा आखडता घ्यावासा वाटतो. खेळ अपुरा राहिला म्हणून अंदाजाने गोल वाढवून देऊ नयेत. पण जेवढे झाले तेवढे पुरेसे आहे.

प्रश्न : दिदिए द्रोग्बाने यादवीच्या काळात शांततेचे आवाहन केले, जॉर्ज वेआ लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष झाला. खेळाडूचा वारसा ठरवताना हे धरावे का?

उत्तर : माणसाचा वारसा म्हणून जरूर धरावे, स्ट्रायकरचा वारसा म्हणून नव्हे. ऑक्टोबर २००५ मध्ये आयव्हरी कोस्ट विश्वचषकासाठी पात्र ठरल्यावर द्रोग्बाने सहकाऱ्यांसह कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून देशवासीयांना शस्त्रे खाली ठेवण्याची विनंती केली, ही गोष्ट फुटबॉलच्या इतिहासात राहील. एकट्या त्या आवाहनाने युद्ध थांबले, असे मात्र म्हणू नये. स्ट्रायकर म्हणून द्रोग्बाचे मोठेपण दाखवायला २०१२ चा चॅम्पियन्स लीग अंतिम सामना पुरेसा आहे: जर्मनीच्या बायर्न म्युनिक संघाच्या घरच्या मैदानावर, ८८ व्या मिनिटाला, मिळालेल्या कॉर्नरवर पहिल्या खांबाकडे झेप घेऊन मारलेला हेडर, आणि नंतर शूटआऊटमधील निर्णायक पेनल्टी.

खेळातला वारसा आम्ही असा पाहतो की त्या खेळाडूनंतर इतरांच्या खेळात काय बदलले. या दृष्टीने फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीचे काम फार मोठे आहे. विंगर म्हणून खेळणाऱ्या ऑन्रीला प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी १९९९ मध्ये आर्सेनलला आणून स्ट्रायकर केले, पण तो डाव्या बाजूचा ओढा विसरला नाही. डावीकडून आत शिरायचे, शरीर उघडे ठेवायचे आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूने चेंडू वळवून पलीकडच्या खांबाच्या आत सोडायचा, हे त्याचे हुकमी तंत्र होते. २००२-०३ च्या प्रीमियर लीगमध्ये त्याने २४ गोल केले आणि २० गोलांना साहाय्य दिले; त्यानंतर नुसते गोलतोंडाशी उभे राहणाऱ्या स्ट्रायकरकडे लोक जरा संशयाने पाहू लागले. आज डावीकडून आत घुसणारा एम्बापे पाहताना ऑन्री आठवतोच. म्युलरची अशी परंपरा दिसत नाही, कारण त्याचे वळणे त्याच्या शरीराशी बांधलेले होते आणि ते शिकवता येत नाही.

प्रश्न : या चर्चांत महिला खेळाडूंचे नाव का येत नाही?

उत्तर : यायला हवे. विश्वचषकातील गोलांबद्दल बोलताना ब्राझीलच्या मार्टाचे १७ गोल क्लोजेच्या १६ पेक्षा अधिक आहेत, आणि ते तिने पाच स्पर्धांत केलेले आहेत. कॅनडाच्या ख्रिस्तीन सिंक्लेअरचे १९० आंतरराष्ट्रीय गोल ही संख्या कोणत्याही पुरुष खेळाडूच्या पुढची आहे. शैलीच्या दृष्टीने आम्हांला अमेरिकेची ॲबी वाम्बाक अधिक अभ्यासनीय वाटते. १८४ आंतरराष्ट्रीय गोल करणारी ही खेळाडू हेडरमध्ये अद्वितीय होती. २०११ च्या उपांत्यपूर्व सामन्यात ब्राझीलविरुद्ध, १२२ व्या मिनिटाला, रपिनोने डावीकडून दिलेल्या लांब चेंडूवर दूरच्या खांबापाशी तिने साधलेली बरोबरी पाहा. गोलरक्षक चेंडूसाठी पुढे आली आणि चुकली. वाम्बाकने चेंडूवरची नजर तिच्यामुळे क्षणभरही ढळू दिली नाही. अमेरिकेने तो सामना पेनल्टींवर जिंकला.

प्रश्न : मी शाळेच्या संघात स्ट्रायकर आहे. या सर्वांपैकी कोणाचा खेळ पाहून शिकावे?

उत्तर : ब्राझीलचा रोनाल्डो पाहून आनंद घे, पण त्याची नक्कल करू नकोस. शिकण्यासाठी पोलंडचा रॉबर्ट लेवांडोव्हस्की आणि इटलीचा फिलिपो इंझागी हे दोघे घे.

२२ सप्टेंबर २०१५ रोजी बायर्न वोल्फ्सबर्गविरुद्ध ०-१ ने मागे असताना लेवांडोव्हस्की मध्यंतरानंतर बदली खेळाडू म्हणून उतरला आणि ५१ व्या ते ६० व्या मिनिटांदरम्यान त्याने पाच गोल केले. पाचवा गोल हवेत आडवे होऊन मारलेल्या व्हॉलीचा आहे आणि सगळे तोच पाहतात. तू तिसरा पाहा. पहिला फटका खांबाला लागतो, दुसरा गोलरक्षक अडवतो, तिसरा आत जातो. प्रत्येक वेळी चेंडू परत आला तेव्हा त्याचे पाय आधीच तयार होते.

इंझागी वेगवान नव्हता, ताकदवान नव्हता आणि ड्रिब्लिंगही त्याला फारसे येत नसे. सामन्यात अनेकदा तो ऑफसाइड पकडला जाई आणि पुन्हा त्याच रेषेवर जाऊन उभा राही. २००७ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्धचा त्याचा ८२ व्या मिनिटाचा गोल पाहताना चेंडू त्याचा सहकारी काका याच्या पायाशी असेल तेव्हा चेंडूकडे पाहू नकोस, इंझागीकडे पाहा. बचावपटूच्या नजरेआड, त्याच्या खांद्यामागे तो कसा सरकतो आणि काका मान वर करतो त्याच क्षणी कसा निघतो, हे चित्रण थांबवून थांबवून पाहा. मग सरावात एका सहकाऱ्याला पास द्यायला आणि दुसऱ्याला बचावाला उभे करून तेवढीच धाव पुन्हा पुन्हा कर. सुरुवातीला ऑफसाइडच जास्त होतील, त्याची काळजी करू नकोस. गोलरक्षकाला चकवून पुढे जाण्याचे शिक्षण त्यानंतरचे आहे.